त्याला त्याच्याच भाषेत ठोकू का?

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

"मी एका पक्षाची जिल्हा प्रवक्ती आहे. आधी शाळेत शिकवत होते, मग एकदा नगर परिषदेवर निवडून आले. गेल्या आठवड्यात एका मराठी वृत्तवाहिनीवर आमच्या शहराच्या पाणीपुरवठा योजनेवर चर्चा होती. मूळ अंदाजपत्रक आणि मंजूर निविदा यांत एवढा फरक कसा, असं मी समोरच्या पक्षाच्या प्रवक्त्याला दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो म्हणाला, 'बाईंना हे पद कोणाच्या कृपेने मिळालं ते आधी सांगा.' पुढे आणखी एक शब्द वापरला, तो मी इथे लिहीत नाही. अँकर हसत म्हणाला, 'शब्द जपून', आणि ब्रेक घेतला. रात्रीपर्यंत चाळीस सेकंदांची क्लिप सगळ्या ग्रुपवर. माझा मुलगा नववीत आहे, त्याच्या वर्गातल्या मुलांकडेही ती पोचली.

जिल्हाध्यक्षांचा फोन आला, 'ताई, उद्या परत बसा आणि त्याला असं ठोका की पुन्हा तोंड उघडणार नाही. नाहीतर पक्ष नेभळट दिसतो.' आमच्या सोशल मीडियाच्या पोरांनी तर रात्रीच त्याच्या बायकोचा फोटो टाकून काहीबाही लिहिलं. मिस्टर म्हणतात, सोड, चिखलात दगड मारला की आपल्याच अंगावर उडतं. पूर्वीच्या नेत्यांमध्येही मतभेद होते, पण भाषा अशी नव्हती. मी काय करू? त्याला त्याच्याच भाषेत उत्तर देऊ? तक्रार करायची तर कुठे, आणि उपयोग होतो का? की हे सगळं सोडूनच देऊ?"

ताई,

आधी सरळ उत्तर देतो. त्याच्या भाषेत बोलू नका, आणि उद्याच्या चर्चेला बसू नका. गप्प राहा असं मी सांगत नाहीये. बोलायचंच आहे, पण कधी, कुठे आणि कशावर, हे तुम्ही ठरवा. वाहिनीच्या गेस्ट कोऑर्डिनेटरला किंवा तुमच्या अध्यक्षांना ते ठरवू देऊ नका.

मी वृत्तवाहिनीच्या डेस्कवर बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे त्या चाळीस सेकंदांत काचेच्या पलीकडे काय चाललं असेल ते मला न बघता सांगता येईल. पडद्यावर सहा खिडक्या. कंट्रोल रूममध्ये प्रोड्युसर. तुम्ही निविदेचे आकडे काढले की तो घड्याळाकडे बघतो, कारण आकडे सुरू झाले की प्रेक्षक चॅनेल बदलतो अशी त्याची पक्की समजूत असते. समोरच्याने तो शब्द उच्चारला आणि हा खुर्चीत सावरून बसला. अँकरच्या कानात सूचना गेली, 'थांबवू नको, दोघांना मोठं कर.' बाकी चार खिडक्या गायब, तुम्ही आणि तो अर्धा-अर्धा पडदा. ब्रेकमधली पहिली जाहिरात संपायच्या आत शेजारच्या टेबलावर कोणीतरी क्लिप कापायला घेतलेली असते. तुम्ही पूर्ण रेकॉर्डिंग मिळवा आणि बघा, ब्रेकनंतर पाण्याचा विषय किती मिनिटं चालला. माझा अंदाज आहे, एकही मिनिट नाही.

म्हणून त्या गृहस्थांचा तोल गेला, असं मला वाटत नाही. प्रश्न अडचणीचा होता, तिसऱ्यांदा आला होता आणि उत्तर जवळ नव्हतं. अशा वेळी सगळ्यात स्वस्त सुटका म्हणजे समोरच्या बाईच्या चारित्र्यावर घसरणं. ते केलं की निविदेचा हिशेब बाजूला पडतो आणि पुढचे दोन दिवस सगळे 'तो असं बोलला' यावर बोलत राहतात. दुसरा फायदा त्याला घरच्या घरी मिळतो. त्याच्या पक्षाच्या पोरांनी तीच क्लिप मागे ढोलताशे लावून 'बोलती बंद' म्हणून फिरवली असणार. तो तुमच्याशी बोलतच नव्हता. तिकीट वाटणाऱ्या आपल्या नेत्याला तो दाखवत होता की मी किती आक्रमक आहे.

यात वाहिनीचाही हिशेब आहे, आणि तो साधा पैशांचा आहे. तुमच्या पाणी योजनेवर खरी बातमी करायची तर एक बातमीदार आणि एक कॅमेरामन तुमच्या शहरात पाठवावा लागतो, निविदेची कागदपत्रं मिळवावी लागतात, ती कळणारा माणूस लागतो. त्यापेक्षा सकाळी एका नेत्याच्या पत्रकार परिषदेतलं एक जहरी वाक्य उचलायचं, तासाभरात दुसऱ्या पक्षाच्या दारात माइकचा बूम धरायचा, 'त्यांनी तुम्हाला असं म्हटलंय, काय सांगाल?' दुपारी तिसऱ्या पक्षाला हेच. संध्याकाळी 'राजकारणाची पातळी घसरली आहे का?' या विषयावर चर्चा, आणि तिथे तेच तिघे. दिवस भरला, खर्च पेट्रोलचा. तुम्ही उद्या बसलात आणि त्याला ठोकलंत, तर या गिरणीत आणखी एक पायली दळण घातलंत एवढंच होईल. तुमची क्लिप त्याच्या क्लिपला जोडून दाखवतील आणि बघणारा म्हणेल, दोघंही तसलेच.

पूर्वी भाषा अशी नव्हती, हे मात्र मी मान्य करणार नाही. आचार्य अत्र्यांनी १९५६ मध्ये दैनिक 'मराठा' सुरू केला तो संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यासाठी, आणि त्यात मोरारजी देसाई, स. का. पाटील यांच्यावर त्यांनी जे लिहिलं ते आजच्या कुठल्याही वाचाळ प्रवक्त्याला लाजवेल. पुढे अत्रे आणि 'मार्मिक'वाले बाळासाहेब ठाकरे यांची जुंपली तेव्हा दोन्हीकडून काही शिल्लक ठेवलं गेलं नाही. त्याही मागे जा. टिळक आणि आगरकर बदनामीच्या एकाच खटल्यात १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात एकत्र राहून आले, आणि पुढे 'केसरी' विरुद्ध 'सुधारक' असं इतकं कडवट भांडले की जुने मित्र शत्रू झाले. ठाकरी भाषेला तर महाराष्ट्राने टाळ्या वाजवल्या, सभेत बसलेल्या विरोधी मतदारांनीसुद्धा. तेव्हा 'सुसंस्कृत महाराष्ट्र' हे जे हल्ली कोणत्याही घसरलेल्या वक्तव्यानंतर ऐकवलं जातं, ते थोडं जपून घ्या. ऐकवणाऱ्याचा पक्ष कोणता हेही बघा.

फरक पडला आहे, पण वेगळ्या ठिकाणी. अत्र्यांचा अग्रलेख वाचायला घेतला की शिवीबरोबर मुद्दाही पोटात जायचा, कारण दोन्ही एकाच कागदावर, एकाच नावाखाली छापलेले असायचे. उत्तर द्यायचं तर दुसऱ्या दिवशीचा अंक निघेपर्यंत थांबावं लागायचं. आता शिवी तेवढी कापून वेगळी फिरते. शिवाय त्या जुन्या भांडणांमध्ये बायका समोर बसलेल्या जवळपास नसायच्याच. १९९३ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये बायकांसाठी एक तृतीयांश राखीव जागा आल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या, आणि तुमच्यासारख्या हजारो जणी नगर परिषदांमध्ये येऊन बसल्या. तेव्हापासून 'पद कोणाच्या कृपेने मिळालं' हा प्रश्न तयार ठेवलेला असतो. पुरुष प्रवक्त्याला तो कोणी विचारत नाही. त्याला फार तर 'किती पेट्या पोचवल्या' म्हणतील.

आता तक्रारीचं बोलू. तुम्ही शिक्षिका होतात, त्यामुळे नियम सांगितलेले चालतील.

निवडणुकीच्या काळात आदर्श आचारसंहिता असते. टीका धोरणं, कार्यक्रम, आधीची कामगिरी यांपुरती ठेवा, सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खासगी आयुष्यावर बोलू नका, असं तिच्या सुरुवातीच्याच कलमांत स्पष्ट आहे. पण ती निवडणूक जाहीर झाल्यापासून संपेपर्यंतच लागू असते आणि तिला स्वतःचा असा कायद्याचा दात नाही. विधिमंडळात वेगळी सोय आहे. जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेतले तेव्हाचे विरोधी पक्षनेते अंबादास दानवे यांनी सभागृहात भाजपच्या प्रसाद लाड यांना शिवीगाळ केली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्यांना पाच दिवसांसाठी निलंबित केलं. त्यांनी दिलगिरी व्यक्त केल्यावर ते तीन दिवसांवर आणलं. तिथे पीठासीन अधिकारी असतो, शब्द कामकाजातून काढता येतो, माणूस बाहेर काढता येतो. वाहिनीवर ती खुर्ची अँकरची, आणि तुमचा अँकर हसत होता.

पोलिसांकडे जायचं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७९ तुमच्या बाबतीत सगळ्यात जवळचं आहे: स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने उच्चारलेला शब्द. तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि पोलीस गुन्हा नोंदवू शकतात. जुन्या दंडसंहितेतलं ५०९ ते हेच. बदनामीचं कलम ३५६. त्यात पोलीस येत नाहीत, तुम्हालाच दंडाधिकाऱ्यांसमोर खासगी तक्रार करावी लागते, आणि मग तारखा. कितीतरी नेत्यांनी एकमेकांवर असे दावे ठोकले आहेत. ठोकल्याची बातमी पहिल्या पानावर आणि मागे घेतल्याची कुठेच नाही, असं त्यांचं होतं. बदनामीच्या वाटेला मी तुम्हाला पाठवणार नाही.

कलम ७९ चा विचार मात्र करा. ओळखीच्या वकिलाला पूर्ण रेकॉर्डिंग दाखवा. क्लिपवर मत मागू नका. आणि गुन्हा नोंदवायचा तर तुम्ही नोंदवा, मागे शंभर कार्यकर्ते आणि दोन कॅमेरे घेऊन जाऊ नका. पोलिसी कारवाईचा तमाशा झाला की तो कुणाच्या पथ्यावर पडतो ते आपण पाहिलं आहे. २४ ऑगस्ट २०२१ ला केंद्रीय मंत्री नारायण राणे यांना, तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्याविषयीच्या वक्तव्यावरून कोकणात अटक झाली. दिवसभर सगळ्या वाहिन्यांवर दुसरं काही नव्हतं, मुंबईत दोन्हीकडचे कार्यकर्ते एकमेकांवर धावून गेले, आणि रात्री महाडला जामीन झाला. ज्यांना तोवर राणेंच्या तेव्हा चालू असलेल्या जन आशीर्वाद यात्रेची खबर नव्हती त्यांनाही ती कळली. आणि मे २०२२ मध्ये केतकी चितळे या अभिनेत्रीने शरद पवारांवरची एक पोस्ट टाकली, तिला मात्र महिन्याहून जास्त काळ कोठडीत काढावा लागला. नेता असला तर एक दिवस, नसला तर महिना. या कायद्यांकडे हात पुढे करताना हे ध्यानात असू द्या. राज्य महिला आयोगाकडेही अर्ज देता येतो. आयोग संबंधिताला नोटीस काढू शकतो, खुलासा मागू शकतो.

मी आधी करायला सांगेन ती तक्रार वाहिनीकडची. ती कोणी करत नाही, म्हणून वाहिन्याही निवांत असतात. २०२१ मध्ये केबल टेलिव्हिजनचे नियम बदलले, त्यानुसार वाहिनीला तक्रारीची पोच चोवीस तासांत द्यावी लागते आणि १५ दिवसांत निर्णय कळवावा लागतो. तो पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत वाहिनी ज्या स्वयंनियमन संस्थेची सदस्य आहे तिच्याकडे अपील, तिला ६० दिवस. वेब पोर्टल असेल तर डिजिटल माध्यमांच्या २०२१ च्या नियमांत साधारण हीच चढण आहे. वर्तमानपत्रात छापून आलं असतं तर प्रेस कौन्सिल. यातून मोठी शिक्षा होईल असं समजू नका. वाहिन्यांच्या एका मोठ्या स्वयंनियमन संस्थेचा कमाल दंड २०२३ मध्ये एक लाख रुपये होता, आणि तेवढ्याने काय धाक बसणार, असं सर्वोच्च न्यायालयानेच तेव्हा विचारलं होतं. पण दंडासाठी तुम्ही जातच नाही आहात. तुमची मागणी दोनच गोष्टींची ठेवा: ती क्लिप वाहिनीने आपल्या यूट्यूब आणि फेसबुकवरून काढावी, आणि अँकरने हस्तक्षेप का केला नाही याचं लेखी उत्तर द्यावं. लेखी उत्तर मागितलं की प्रकरण संपादकाच्या टेबलावर जातं. पुढच्या वेळी प्रोड्युसरचा हात जरा अडखळतो.

तक्रारीत त्या माणसावर रकानेच्या रकाने लिहू नका. कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ, नेमकं कितव्या मिनिटाला काय उच्चारलं गेलं आणि अँकरने काय केलं. तो शब्द आहे तसा लिहा, लाजून टिंबं देऊ नका. लाज त्याला वाटायला हवी, तक्रारीत टिंबं असली की वाचणाऱ्याला प्रकरण हलकं वाटतं.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीवर मी अडखळलो तिच्याकडे येतो. तुमच्या पक्षाच्या पोरांनी त्याच्या बायकोचा फोटो टाकला. तुम्ही ते एका वाक्यात लिहून पुढे गेलात. ताई, ती बाई कोण? ती चर्चेत नव्हती, कदाचित कुठल्या पक्षातही नसेल. तिच्याही घरी नववी-दहावीतलं पोर असू शकतं. तुमच्याबाबतीत जे झालं ते निदान तुम्ही राजकारणात आहात म्हणून झालं, तिच्याबाबतीत तेवढंही कारण नाही. ही पोस्ट जोवर आहे तोवर तुमच्या कुठल्याही तक्रारीला अर्थ नाही. समोरचा वकील पहिला तोच स्क्रीनशॉट काढेल, पण ते सोडा. तुम्हाला स्वतःलाच ती तक्रार लिहिताना अडल्यासारखं होईल.

आणि यात दुसरं एक आहे, जे मी इतकी वर्षं बातम्या लावताना बघितलं. विरोधकांच्या निषेधाने शिवी थांबत नाही, उलट तिचं आयुष्य वाढतं. जोडे मारो आंदोलन, पुतळ्याचं दहन, बांगड्यांचा आहेर (हा आहेर देणाऱ्या महिला आघाड्यांना आपण बायकांचाच अपमान करतोय हे कसं कळत नाही, देव जाणे), हे सगळं झालं की मूळ वक्तव्य आणखी दोन दिवस चालतं आणि बोलणारा हिरो होतो. शिवी आटोक्यात येते ती स्वतःच्या बाजूच्या माणसाने कान धरल्यावर. नोव्हेंबर २०२२ मध्ये अब्दुल सत्तार सुप्रिया सुळे यांच्याबद्दल जे बोलले त्यानंतर त्यांच्या मुंबईतल्या बंगल्यावर दगडफेक झाली, काचा फुटल्या. दोन्ही बाजूंना दृश्यं मिळाली. पुढे सत्तार यांनी खेद व्यक्त केला तोही 'महिलांची मनं दुखावली असतील तर' या थाटाचा. त्याउलट नोव्हेंबर २०२४ मध्ये सदाभाऊ खोत यांनी शरद पवारांच्या चेहऱ्यावरून जे वक्तव्य केलं, त्यावर महायुतीतल्याच अजित पवारांनी जाहीर निषेध केला आणि खोत यांनी लगेच दिलगिरी व्यक्त केली. त्याच सुमारास अरविंद सावंत यांनी शायना एन. सी. यांच्याबद्दल जे शब्द वापरले त्यावर मात्र त्यांच्या पक्षातून आधी समर्थन झालं, गुन्हा नोंदला गेला, मग सावंत यांना खेद व्यक्त करावा लागला. दानवेंच्या वेळी याच पक्षाच्या प्रमुखांनी, उद्धव ठाकरे यांनी, माता-भगिनींची माफी मागितली होती. म्हणजे जमतं. सगळ्या पक्षांना जमतं, इच्छा झाली की.

अर्थात वरिष्ठांनी 'समज दिली' या बातमीवर मी फार विश्वास ठेवत नाही. २०२५ मध्ये जयंत पाटील यांच्याविषयी गोपीचंद पडळकर बोलले तेव्हा शरद पवारांनी फडणवीसांना फोन केला आणि फडणवीसांनी पडळकरांना समज दिली, असं सगळीकडे आलं. समज मिळालेल्या नेत्यांचं तिकीट कापलं गेलं, असं सहसा वाचायला मिळत नाही. वाचाळपणाची किंमत तिकिटात मोजली जात नाही तोवर तो चालणारच आहे. तुमच्या हातात तिकीट नाही हे मला माहीत आहे. पण तीन-चार पोरांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तुमच्या शब्दाखाली आहे, आणि तिथे तुम्ही बाईंचं नाव न घेता, कुठलंही कारण न सांगता 'ही पोस्ट काढा' एवढं लिहू शकता.

अध्यक्षांशी वाद घालू नका, त्यांना काम द्या. म्हणा, 'साहेब, मी बसणार, पण उद्या नाही. वाहिनीला मी लेखी तक्रार देतेय, त्यावर पक्षाच्या लेटरहेडवर तुमचं एक पत्र जोडा. पाणी योजनेच्या निविदेसाठी माहिती अधिकारात अर्ज टाकतेय, कागद आले की पत्रकार परिषद आपण इथेच, शहरात घेऊ.' अर्जाला ३० दिवस लागतात हे त्यांना आवडणार नाही. त्यांना उद्या संध्याकाळी काहीतरी हवं आहे. तर उद्यासाठी एक निवेदन द्या, तुमच्या नावाने, चार ओळींचं. त्यात पहिली ओळ तुमच्या पक्षाच्या पोरांच्या पोस्टबद्दल: आमच्याकडून एका असंबंधित महिलेविषयी लिहिलं गेलं, ते चुकीचं होतं, काढलं आहे. दुसरी ओळ, मला उद्देशून जे बोललं गेलं त्याची रीतसर तक्रार केली आहे. तिसरी आणि चौथी ओळ पूर्ण निविदेवर, आकड्यांसह. पत्रकारांना पहिली ओळ चमत्कारिक वाटेल आणि ते तीच चालवतील. चालवू देत. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत एखाद्या पक्षाने समोरून मागणी नसताना आपल्याच लोकांबद्दल असं काही लिहून दिलेलं क्वचितच दिसतं.

पुन्हा चर्चेला बसाल तेव्हा आधी विचारा समोर कोण आहे. तोच असेल तर नाही म्हणण्यात कमीपणा नाही. बसलात आणि तो पुन्हा घसरला, तर त्याच्याकडे बघू नका, अँकरकडे बघा, आणि अँकरचंच नाव घेऊन बोला: 'तुमच्या कार्यक्रमात हे दुसऱ्यांदा होतंय. ते शब्द कामकाजात राहू देत, मला त्याचं काय करायचं ते मी बघेन. माझा प्रश्न अंदाजपत्रकातल्या फरकाचा होता आणि त्याला अजून उत्तर आलेलं नाही.' आवाज न चढवता. ओरडलात की डेस्कवाल्याला क्लिप मिळाली. शांत बोललात तर त्याला कापायला काही सापडत नाही. तिसऱ्यांदा झालं तर माइक काढा, 'नमस्कार' म्हणा आणि उठा. उठताना भाषण नको.

मुलाबद्दल तुम्ही सगळ्यात कमी लिहिलंय, म्हणजे तेच सगळ्यात जास्त खुपत असणार. नववीतल्या पोराला समजावण्यापेक्षा माहिती जास्त उपयोगी पडते. त्याला सांगा तुम्ही काय विचारलं होतं, फरक किती रकमेचा आहे, आणि त्या माणसाने उत्तराऐवजी काय केलं. वर्गात कोणी क्लिप काढली तर त्याच्याकडे बोलायला काहीतरी असेल. शाळेत तुम्ही जायचं की नाही हे त्याला विचारा. तो नको म्हणाला तर जाऊ नका.

तुमच्या मिस्टरांची चिखलाची म्हण खरी आहे, पण तुमच्या अंगावर आधीच उडालं आहे. सोडायचं की नाही, याचं उत्तर मी देणार नाही. एवढंच सांगतो की हा निर्णय या आठवड्यात घेऊ नका, कारण या आठवड्यात सोडलंत तर तो त्याने घडवलेला निर्णय ठरेल. तक्रारीचं उत्तर आलं, निविदेचे कागद हातात आले, की मग बसून ठरवा. तेव्हाही सोडावंसं वाटलं तर खुशाल सोडा. शाळेला चांगल्या बाईंची गरज असतेच.

तोवर क्रम असा ठेवा. अध्यक्षांना फोन करण्याआधी त्या पोरांना फोन करा. पोस्ट ज्या ज्या ग्रुपवर टाकली होती तिथून 'सगळ्यांसाठी' डिलीट करायला लावा, फेसबुकवरून वेगळी, इन्स्टाग्रामवरून वेगळी. आणि काढल्याचे स्क्रीनशॉट मागून घ्या. 'काढली ताई' एवढ्यावर विश्वास ठेवू नका.